उखाण्यातला नवरा

मला लिहायची सवय नाही. एसटीच्या डेपोत सुट्या भागांच्या नोंदी ठेवण्यात सगळी नोकरी गेली, तेवढंच माझं लिखाण. कुसाबाईंबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. पण त्यांची मुलगी छाया म्हणाली, "काका, तुम्ही सगळं बघितलंय, तुम्हीच लिहा." म्हणून बसलो आहे.

कुसाबाई आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या त्या त्र्याण्णव साली. सोबत अकरा वर्षांची छाया आणि एक गाठोडं. नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारातून झेंडू, शेवंती आणायच्या आणि ओट्यावर बसून हार करायच्या. हात भराभर चालायचे, नजर मात्र गल्लीच्या तोंडाशी. अनोळखी माणूस आत वळला की सुई जागच्या जागी थांबायची. गाव कुठलं विचारलं तर म्हणायच्या, "हाय तिकडं."

पंचाण्णव साली मतदारांची फोटोची ओळखपत्रं निघाली. त्या कामाला लावलेले एक गुरुजी घरोघर फिरत आमच्याकडे आले. मागे कुसाबाई हार करत होत्या.

"बाई, नाव?"

"कुसाबाई."

"नवऱ्याचं?"

कुसाबाईंनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. गुरुजी हसले. "अहो, इथं सासू बसलीय का तुमची? सांगा पटकन, मला अजून सगळी गल्ली करायचीय."

माझ्या बायकोला, सिंधूला, चेव आला. "असं कसं सांगतील, गुरुजी? उखाणा होऊ द्या! कुसाबाई, घ्या बरं."

शेजारच्या दोघी-तिघी गोळा झाल्या. "घ्या, घ्या" सुरू झालं.

"हे कागद जातात कुठं, गुरुजी?" कुसाबाईंनी विचारलं.

"सरकारात."

"सरकारात म्हंजी कुठं? वाचतं कोण?"

"तुमचं नाव वाचायला कुणाला वेळ आहे, बाई! घ्या उखाणा."

कुसाबाईंनी मान वर केली. समोर आमच्या भिंतीवर खंडोबाचं कॅलेंडर होतं. त्यांची नजर तिथं क्षणभर थांबली, ती मी पाहिली.

"झेंडूच्या ढिगात बसले सकाळपासून, मल्हाररावांचं नाव घेते गुरुजींचा मान राखून."

बायकांनी टाळ्या पिटल्या. गुरुजींनी लिहून घेतलं, पतीचं नाव मल्हारी.

संध्याकाळी सिंधू त्यांना चिडवायला मागे गेली, "मल्हाररावांना कधी बोलावताय?" म्हणून. परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. मल्हारी असा कुणी नव्हताच. नवऱ्याचं नाव गोरक्ष. देवळा गावचं घर, कांद्याचा व्यापार. छायाचं लग्न आत्याच्या मुलाशी लावायचं घरात ठरलं होतं, दहावीचीसुद्धा वाट न बघता. कुसाबाई आडव्या आल्या तेव्हा मार बसला. एका पहाटे वणीच्या देवीला जाते म्हणून निघाल्या आणि मुलीला घेऊन थेट नाशिकला उतरल्या. माहेरी गेल्या असत्या तर माहेरच्यांनीच परत पोचवलं असतं.

पुढे यादी शाळेच्या भिंतीवर लागली. हरकती असतील तर कळवा, असं वर लिहिलेलं. कुसाबाई मला घेऊन गेल्या. "भाऊ, जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. नाव, पतीचं नाव, वय, घर नंबर.

"घर नंबर पण?"

"हो."

"म्हंजी कुणीबी यावं अन् वाचावं?"

"वाचावं म्हणूनच लावलीय."

मी समजावू लागलो, की नवऱ्याचं नाव वेगळं आहे, देवळ्याच्या माणसाला काय कळणार. त्या म्हणाल्या, "नाव खोटं हाय. पण घर खरं हाय ना, भाऊ." यादी भिंतीवर होती तोवर त्या बाजारातून येताना रोज वाट वाकडी करून शाळेवरून यायच्या आणि कोण उभं आहे ते बघायच्या.

ओळखपत्र आलं. फोटोत पदराखाली नाक तेवढं ओळखू येत होतं. पण त्याच्यावर नंबर होता, आणि त्या नंबराबरोबर मल्हारीही आला. रेशनकार्डावर तो, गॅसच्या पुस्तकावर तो. छायाच्या शाळेत मात्र जुन्या दाखल्यामुळे गोरक्ष. गल्लीत कुणी खोचकपणे विचारलं, "मल्हारराव दिवाळीला तरी येणार का?" तर सिंधूच परस्पर सांगायची, "दुबईला असतात ते. फोन लागत नाही."

दोन हजार साली छाया बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा, आणि तो वडिलांकडच्या कागदांवर निघणार. ते कागद देवळ्याला.

"तिथल्या कचेरीत अर्ज देयाचा म्हंजी इथला पत्ता लिहायचा," कुसाबाई म्हणाल्या. "तिथला शिपाईसुद्धा तुझ्या बापाला वळखतो. नाय म्हंजी नाय."

"आई, मी अठराची झालेय. आता कोण माझं लग्न लावणार?"

"तुझं नाय लावणार. मला तर नेतील ना?"

मायलेकी आठवडाभर एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. मग एका सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून छाया देवळ्याच्या गाडीत बसली. दुपारी कुसाबाईंना कळलं. त्या खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून खोलीत अशा येरझाऱ्या घालत राहिल्या. पाण्यात घातलेली शेवंती तशीच राहिली.

दिवेलागणीला छाया आली. तिला पाणीही न देता कुसाबाईंनी विचारलं, "पत्ता लिहिलास?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही लिहिला. अर्ज भरत होते. कारकुनानं नाव विचारलं, वही काढली. म्हणाला, त्या घरातली बाई तर मयत आहे, कधीच नाव कमी केलंय. मुलगी लग्न होऊन गेली. तू कोण?" छायानं पिशवी खाली ठेवली. "मी कोण ते सांगायचं तर पत्ता आलाच. अर्ज फाडला नि आले."

कुसाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मंग मी इतकी वर्सं कुणापासून लपत हुते?"

मग एकदम हसल्या. "बरं झालं बाई. मेलेल्या बाईचा पत्ता कोण इचारतो?" पण ते हसणं टिकलं नाही. पुढे कितीतरी दिवस हार ओवता ओवता मध्येच थांबून म्हणायच्या, "त्यांनी मला सरकारात मारून टाकलं, भाऊ. अन् सरकारनं इचारलं पण नाय, कशानं मेली म्हणून."

छायाची राखीव जागा गेली. वर्षभर दवाखान्यात आयाचं काम करून ती पुढल्या वर्षी खुल्या जागेवर लागली. आज ती परिचारिका आहे.

दोन हजार सातच्या सुमारास याद्यांत फोटो घालायचे म्हणून पुन्हा माणसं आली. या वेळी एक तरुण बाई होत्या. जुनी नोंद वाचून म्हणाल्या, "पती मल्हारी. बरोबर?"

"तो गेला," कुसाबाई म्हणाल्या. "खोडा त्याला. बापाचं नाव लिहा, कोंडाजी. चालतं ना?"

"चालतं की. पण उखाणा नाही का घेणार, मावशी?" बाई हसून म्हणाल्या.

"बापाचं नाव घ्यायला उखाणा लागत नाय."

पदर मागे सारून त्यांनी फोटो काढू दिला. बाई निघाल्या तसं कुसाबाईंनी पुन्हा विचारलंच, "हे कागद जातात कुठं, बाई?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"तिथं कोण वाचतं?"

बाई पुढच्या घरी गेल्या आणि कुसाबाई गल्लीच्या तोंडाकडे बघत बसल्या.

हे लिहितोय असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. नावं लिहा. घर नंबर तेवढा नका लिहू."

तो मी लिहिलेला नाही.