थंड चहा, गरम आकडा

देशकरसाहेबांना शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. उशाशी नाडीचे ठोके दाखवणारं यंत्र होतं. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बापू, हा आकडा आताचाच आहे न?" मी हो म्हणालो, पण निघेपर्यंत माझीही नजर त्यावरून हलली नाही. चार दिवसांनी ते गेले... त्याला आता महिना होईल.

कारखान्याच्या संगणक विभागात ते माझे वरिष्ठ. भट्टीला गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान वाचणारी नवी कार्डं आली, तेव्हा साहेब पुतणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले होते. कार्डं दिसायला जुन्यांसारखीच, त्याच खाचेत बसणारी. कार्डाशी कसं बोलायचं हे संगणकाला सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. जुनाच लावून पाहिला, आकडे बरोबर आले. दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालेल, असं ठरवून मी भट्टीवर नवं कार्ड बसवून मोकळा झालो.

परतल्यावर साहेबांनी तसलंच एक कार्ड टेबलावर जोडलं आणि तापमान मोजणारी तार चहाच्या पेल्यात सोडली. "चहा पाजल्याबिगर साहेब कार्ड पास नाही करत," शिपाई नेहमी म्हणायचा. आकडा एकाहत्तर अंशांवर चढला. मग त्यांनी कार्डातून तार उपटली. जुन्या कार्डावर अशा वेळी 'वाचन नाही' असं यायचं. इथे एकाहत्तर तसाच राहिला. चहा निवल्यावर साहेबांनी पेल्याला बोट लावून पाहिलं.

"चहा थंडा झाला, बापू. आकडा कावून गरम आहे?"

तार तुटल्याची खूण नवं कार्ड निराळी द्यायचं. जुन्या ड्रायव्हरला ती कळत नव्हती. तो शेवटचा आकडाच दाखवत राहायचा. भट्टीवर तार तुटली, पाणी उकळलं, तरी पडद्यावर सगळं ठीक दिसलं असतं. आणि भट्टीला गार ठेवणारी पाण्याची पेटी फुटली तर समोर उभी असलेली माणसं... तेव्हा भट्टीवरच्या पाळीत माझा धाकटा भाऊ होता.

"भेव लागून राहिलं न? लागू दे," साहेब म्हणाले. "आधी भट्टीवर फोन कर. आकड्यावर भरोसा नका ठेवू म्हण."

धावत जाऊन आम्ही जुनं कार्ड बसवलं. तार शाबूत होती. काहीच झालेलं नव्हतं. भाऊ हसत म्हणाला, "दादा, तू कावून असा पांढरा पडला?"

परतताना साहेब एवढंच बोलले, "दोन कार्डं सारखी चालतात का, हे नको पाहू. बिघडल्यावर सारखी बोंबलतात का, ते पाहा. नाही तर ड्रायव्हर वेगळा."

साहेब गेल्यावर त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, तो चहाचा पेला मला दिला. कडेला तारेचा ओरखडा आहे. परवा त्यात चहा ओतला आणि नुसता बसून राहिलो. चहा निवला. उठून भावाला फोन लावला. काम काहीच नव्हतं. तो नुकताच पाळीवरून आला होता. त्याचा आवाज ऐकला, मग तो थंड चहा प्यायलो.