भट्टीच्या उबेतली गोरखचिंच

थंडी पडली की मी पाव घ्यायचो त्या कोपऱ्यावरच्या बेकरीत एक म्हातारा सकाळ-संध्याकाळ दिसायचाच. भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून एक कट्टा होता. त्यावर तो संध्याकाळी आपलं गोरखचिंचेचं बोनसाय ठेवायचा आणि सकाळी घरी न्यायचा. मुळांना रातभर ऊब पायजे, एवढंच सांगायचा. कुंडी ठेवण्याआधी भिंतीला तळहात लावून डोळे मिटायचा, लेकराचा ताप बघावा तसा. वीतभर झाडाचे कसले हे लाड, असं मला वाटायचं.

एका सकाळी त्याने कुंडीच्या बुडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"लग्नाची ऑर्डर होती काका, रात्री लाकडं जास्त घातली," बेकरीवाला चाचरला. "झाडाचं लक्षातच राहिलं नाही."

थंडीत त्या झाडाला पान नसतंच, त्यामुळे ते जगलं की भाजलं, बघून कळेना. म्हातारा अंगठ्याने खोड दाबत दाबत मुळापर्यंत आला. मी पाव मागायचं विसरलो.

"पालवी फुटंपर्यंत कळनार नाय," तो शेवटी म्हणाला.

"मग उद्यापासून इथे नकाच ठेवू! मला ही जबाबदारी नको."

"घरी थंडीनं मेलं तर बघनारा मी एकटा," म्हातारा शांतपणे म्हणाला. "हितं निदान तू तरी हाय."



संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. कट्ट्यावर दोन विटा मांडून त्यांवर कुंडी ठेवली होती. मी पाव मागितले.

"थांबा जरा," म्हणत बेकरीवाल्याने पिठाचा हात पुसला आणि आधी कुंडीच्या बुडाला लावला.