देवदारावर घातलेला आळ

आप्पा खोकत होते आणि मला आनंद झाला होता. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. निपाणीच्या पारिसअण्णांच्या माडीवर धूर कोंडला होता, आणि तिथला स्टोव्ह माझ्या साडूनं, मारुतीनं बसवला होता.

हा स्टोव्ह रॉकेलचा नव्हे. लाकडं जाळून खोली गरम करायची ती लोखंडी पेटी, वर धूर जायला पत्र्याची नळी. बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांत असे स्टोव्ह आणि धुराडी मी वीस वर्षं बसवली. चुना कालवण्यापासून मारुतीला मीच शिकवलं. सत्तेचाळीस साली साहेब लोक सामान विकून निघाले, तेव्हा तंबाखूचे व्यापारी पारिसअण्णा यांनी लिलावात हा स्टोव्ह घेतला. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना दमा होता. पावसाळ्यात त्यांना ऊब हवी होती. आणि बसवायला बोलावलं कुणाला? मारुतीला. सासुरवाडीत महिनाभर त्याचंच कौतुक. बायको जेवायला वाढतानाही तेच सांगायची. भाकरी घशाखाली उतरत नव्हती.

म्हणून अण्णांचा निरोप आला तसा मी पहिल्या सर्व्हिस मोटारीनं निपाणी गाठली.

नळी उतरवली. आत डांबरासारखा काळा, चिकट थर. साहेब त्याला क्रिओसोट म्हणत. धूर थंड पडला की तो नळीत असा जमतो. कधी पेटला तर नळी लाल होते आणि माडीला आग लागते.

जळण म्हणून लिलावातल्याच खोक्यांच्या फळ्या होत्या. साहेब पाईन म्हणत, आपण सरसकट देवदार म्हणतो. मी एक फळी उचलली. जड लागली. परसात पावसात भिजलेली. स्टोव्हचा डॅंपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची पट्टी, पूर्ण बंद. जळण पुरावं म्हणून घरच्यांनीच बंद केलेली. ओलं लाकूड आणि कोंडलेली हवा. दुखणं तेवढंच. मारुतीच्या कामात खोट नव्हती. सांधे तर माझ्यापेक्षा नेटके बसवले होते, आणि तेच मला झोंबलं.

"काय झालंय, मिस्त्री?" अण्णांनी विचारलं.

"ह्ये जळण कुणी सांगितलं?"

"मारुतीनं. चटकन पेटतंय म्हणाला."

"मग भोगा आता. देवदारात राळ असती, अण्णा. तीच नळीत बसती. आप्पांच्या छातीत बी तीच जाणार. बाभूळ आणा."

देवदारात राळ असते, हे खरं. पण वाळलेलं देवदार मोकळ्या हवेवर जाळलं तर राळही जळून जाते. कॅम्पात मी स्वतः ते कितीदा जाळलं होतं.

नळी साफ करून मी घरी आलो. बायकोला म्हटलं, "तुझ्या मारुतीनं दिवे लावलेत निपाणीत." त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आठव्या दिवशी पुन्हा बोलावणं. आप्पांना सकाळपासून धाप लागली होती. मारुती माझ्याआधीच पोचला होता. स्टोव्हमध्ये बाभळीचा ओंडका चरचरत होता, टोकाला फेस येत होता. लाकडाच्या वखारीतून आणलेली बाभूळ ताजी तोडलेली, ओलीच. मी डॅंपरबद्दलही कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो तसाच बंद.

मारुतीनं आग काढली, खिडक्या उघडल्या, नळी साफ केली. अण्णांच्या तंबाखूच्या वखारीत काही फळ्या कोरड्या राहिल्या होत्या, त्या आणवल्या. डॅंपर उघडून त्या पेटवल्या. ज्वाळा सरळ उठली. खोलीत धुराचं नाव नाही. हळूहळू आप्पांचा खोकला निवला.

अण्णा माझ्याकडे वळले. ते काही बोलायच्या आत मारुतीच घाईनं म्हणाला, "पाव्हण्यांचं बराबर हाय, अण्णा. ओलं देवदार लई वंगाळ. घाईत सांगायचं ऱ्हायलं आसंल त्येंचं. मला ह्ये सगळं त्येंनीच शिकवलंय."

त्यानं माझी अब्रू झाकली. ते मला अजिबात सहन झालं नाही. हुशार निघाला हे मी कसंबसं गिळलं असतं, पण तो चांगलाही निघाला.

आप्पा पलंगावरून बघत होते. दम खात म्हणाले, "मिस्त्री, त्या दिशी फळी हातात घेतलीसा न्हवं? ओली हाय त्ये कळलं न्हाय?"

घाईत सांगायचं राहिलं, असं म्हणून सुटायला मारुतीनं वाट करून दिली होती. पण म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"कळलं हुतं," मी म्हणालो.

"मग?"

"काम मारुतीचं हुतं, आप्पा."

अण्णांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चहा पाजला आणि गड्याबरोबर मला मोटारीपर्यंत पोचवलं. पुढं निपाणी-चिकोडीकडची सगळी कामं मारुतीला गेली, आणि ती त्यानं चोख केली.

स्टोव्ह धुरकटला तर आधी लाकूड वाळलंय का ते बघावं, मग डॅंपर बघावा. लाकडाच्या जातीला दोष शेवटी द्यावा. आणि साडूचं काम तपासायला कुणी बोलावलं, तर दुसरा मिस्त्री पाठवावा.