इंदू मरत नाही

हसायचं तर शेवटी एकदम हसा, मध्येच हसलात की माझा धागा सुटतो. आणि माझ्या तोंडावर हसलात तरी चालेल, कारण मी दिवे तसेच लावले आहेत.

घर माझं दोंडाईच्याला, पण कॉलेजसाठी धुळ्याच्या होस्टेलवर राहायचो. बी.ए.ला मराठी घेतलं होतं. का घेतलं? तर मराठी आपल्याला बोलता येतं म्हणून. मराठीला पुस्तकं वाचावी लागतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा गाईड नावाची सोय बाजारात होतीच.

दुसऱ्या वर्षाला आमच्या विभागाने एका कादंबरीकाराला बोलावलं. जळगावचे, वयस्कर, सगळे त्यांना नानाच म्हणायचे. पाटील मॅडमनी ठरवलं की त्यांच्या कादंबरीवर एका विद्यार्थ्याने बोलायचं. माझा आवाज मोठा. कबड्डीच्या सामन्यांना माईकवर मीच असायचो. म्हणून मला निवडलं, आणि कादंबरी हातात दिली.

कादंबरी मी उशीखाली ठेवली. उशी जरा बसकी होती, तेवढी बरी झाली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खोलीतल्या भूषणला विचारलं, "तू वाचलीस ना ही? शेवटी काय होतं?"

तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "इंदू मरते."

बास. मला एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. मी माईक धरला आणि सुरू झालो. "इंदूच्या मरणाने मी हादरून गेलो. मला दोन दिवस जेवण गेलं नाही." समोर पाटील मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

नानांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं. "बेटा, इंदू मरत नाही. शेवटच्या पानावर ती भाकरी थापतेय."

सगळं सभागृह हसलं. पण माझं तोंड काही थांबेना. मी म्हणालो, "थापते ना, नाना. पण आतून ती केव्हाच मेलेली आहे. तिच्या घरच्यांना ते दिसत नाही, वाचणाऱ्याला दिसतं."

नानांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "हे मला लिहिताना सुचलं नव्हतं."

आणि टाळ्या. काय सांगू, गावच्या फायनललाही तेवढ्या ऐकल्या नव्हत्या. जाताना नाना माझा हात धरून म्हणाले, "पुढच्या महिन्यात जळगावला दुसरी आवृत्ती निघतेय. तिथे तूच बोलायचं. चांगलं अर्धा तास."

खोलीवर आल्या आल्या भूषणला धरलं. "तू कादंबरी खरंच वाचलीस का?"

"मी कुठे वाचली? मराठी कादंबरी आहे म्हटल्यावर शेवटी कोणीतरी मरत असेल असं वाटलं."

आता एका थापेवर पाच मिनिटं निघतात, अर्धा तास कसा निघणार? तरी मी वाचणं महिनाभर उद्यावर ढकललं. शेवटी कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी भुसावळच्या एसटीत जळगावचं तिकीट काढून बसलो, आणि पहिलं पान उघडलं. हातात पेन्सिल. बोलण्यासारखं काही दिसलं की खूण करायची, एवढाच विचार.

पारोळा आलं तेव्हा पेन्सिल कुठे पडली ते कळलं नाही. इंदू आणि तिची थोरली बहीण कमल, आईच्या एका तांब्याच्या हंड्यावरून बोलणं बंद झालेल्या. आता आमच्याकडे माझी आई आणि मावशी एका शिलाई मशीनवरून बोलत नाहीत. मी लहान होतो तेव्हापासून नाही. नानांना आमच्या घरातलं कोणी सांगितलं, असं वाटायला लागलं. मध्ये एकदा गाडी बराच वेळ थांबली. निम्मी गाडी उतरली, तेवढीच चढली. लोकांना जायला जागा हवी म्हणून मी पाय वर घेतले आणि वाचत राहिलो.

शेवटी कमल न बोलता येते, इंदूच्या चुलीजवळ बसते आणि तव्यावरची भाकरी उलटते. एवढंच. आणि मी रडायला लागलो. शेजारी एक म्हातारी अक्का बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काय व्हयनं रे भाऊ? घर कोनी गयं का?"

"नाही अक्का, कोणी गेलं नाही. दोन बहिणींचं भांडण मिटलं."

"मंग ते चांगलंच शे ना. रडस कसाले?"

तेवढ्यात कंडक्टर आला. त्याला म्हटलं, जळगाव आलं की सांगा.

"जळगाव तर मांगेच गयं भाऊ. आते भुसावळ शे."

खाली उतरून फोन पाहिला. सायलेंटवर होता, आणि जळगावला आधीच पोचलेल्या पाटील मॅडमचे एवढे मिस्ड कॉल की मोजायची हिंमत झाली नाही. पुन्हा वाजला, उचलला.

"हॅलो, मॅडम, गाडी पंक्चर झाली."

पलीकडून नानांचा आवाज आला. "कुठे आहेस बेटा?"

त्या आवाजापुढे पंक्चर टिकलं नाही. "नाना, मी भुसावळला आहे. तुमचं पुस्तक वाचत होतो, जळगाव गेलेलं कळलंच नाही."

"पण तू तर आधीच वाचलं होतंस."

"नाही नाना. आज पहिल्यांदाच वाचलं. खरं सांगू का, एवढं चांगलं असेल असं वाटलंच नव्हतं. इंदू आतून मेली वगैरे मी आपलं ठोकून दिलं होतं. तुम्हाला ते पटलं, याचंच मला नवल वाटत होतं."

पलीकडून शे-दीडशे माणसं एकदम हसल्यासारखा आवाज.

"नाना, तिकडे कसला आवाज येतोय?"

"तू येत नाहीस म्हटल्यावर मॅडमनी फोन माईकला लावलाय बेटा. म्हटलं, तिथूनच बोलशील."

"कधीपासून लावलाय?"

"पंक्चरच्या आधीपासून."