न फाटणारे कापड

नाशकात त्या काळी जेवढ्या संस्था निघाल्या, त्यांतल्या निम्म्या आमच्या मावशीच्या यजमानांनी काढल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या बहुधा त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून लोकांनी काढल्या असाव्यात. कोर्टातून पेन्शनीत निघाल्यापासून काकांना परोपकाराचे झटके येत. आधी पाटी रंगवून यायची, मग संस्था कशासाठी याचा विचार व्हायचा. टांग्याच्या घोड्यांना पाणी पाजणारे मंडळ झाले, घाटावर चुकलेल्या यात्रेकरूंना वाट दाखवणारे मंडळ झाले. या दुसऱ्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे काकाच, पहिल्याच पर्वणीला गर्दीत असे हरवले, की शेवटी एका यात्रेकरूनेच त्यांना हाताला धरून घरी आणून सोडले. सभा झोपाळ्यावर भरे. मी मॅट्रिकला बसलेला म्हणून चिटणीस आणि मावशी सभासद. काका ठराव मांडून स्वतःच अनुमोदन देत आणि स्वयंपाकघराकडे बघत. आतून आवाज येई, "मंजूर! भात करपतोय, आता उठा."

तेव्हा जगभर मंदी आहे असे वर्तमानपत्रांत छापून येई. नाशकात ती पोरांच्या अंगावर दिसे. दिवाळीच्या तोंडावर काकांनी 'अनाथ बालक साहाय्यक मंडळ' काढले, सगळी वर्गणी घेऊन देवळाली कॅम्पच्या बाजारात गेले आणि टांग्यात एक अख्खा तागा घालून आले. निळे-तांबडे रुंद पट्टे. मावशीने नुसता हात लावला आणि म्हणाली, "अहो, हे गादीचं कापड आहे!"

"म्हणूनच आणलं. पलटण लोळली तरी फाटत नाही, पोरं काय फाडणार?"

त्या ताग्यातून सदरे निघाले, चड्ड्या निघाल्या, परकर-पोलकी निघाली. पाडव्याला देवळासमोर पोरांना ओळीत उभे करून काकांनी भाषण केले. "आमच्या मंडळाची मुलं आता दुरूनही ओळखू येतील!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळा उघडल्यावर पोरे खरोखरच दुरून ओळखू येऊ लागली.

थोड्याच दिवसांत पंचवटीतली एक फुलेवाली म्हातारी नातीला घेऊन दारात उभी राहिली. पोरीला आई-बाप नव्हते, वर्गात मात्र पहिला नंबर.

"बाबा, पोर साळंत जात नाय. लय हुशार हाय, पन पोरं 'गादी आली, गादी आली' करतात. दुसरं काय घालू? घरात काय बी नाय."

पोर आजीच्या पदराआड उभी होती. तिने परकर उलटा करून नेसला होता, पण गादीचे कापड दोन्ही अंगांनी सारखेच पट्टेरी असते. मला तिच्याकडे बघवेना.

त्या दिवशी झोपाळा हलला नाही. "अगं," काका मावशीला म्हणाले, "पाटी घराला लावायची, ती मी पोरांच्या अंगावर चढवली." एकीला दुसरे कपडे देता आले असते. बाकीच्यांचे काय? मग ते उठले आणि उरलेले कापड काखोटीला मारून शिंप्याकडे गेले.

कोट तयार झाला. गुडघ्यापर्यंत, बंद गळ्याचा, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा. तो चढवून काका सकाळी भर पेठेतून पंचवटीकडे निघाले आणि चिटणिसाने सोबत यावे असे ठरले. दुकानदार गादीवरून उठून बाहेर आले. त्यांच्याच कोर्टातले वकील पोट धरून हसले. काका प्रत्येकाला नमस्कार करत म्हणत, "फाटत नाही!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ऊन नसताना मी छत्री उघडली आणि तिच्याआड तोंड लपवून मागे मागे चालत राहिलो.

पोर आजीजवळ झेंडू ओवत बसली होती. ती कोटाकडे बघतच राहिली.

"आजोबा, तुमाला बी मंडळानं दिला?"

"हो बाळ."

"तुमाला बी कोनी नाय?"

मावशीला मूल नव्हते. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. काका तिच्यापुढे उकिडवे बसले.

"नाही गं," ते म्हणाले. "चल, शाळेला उशीर होतोय."

तिने झेंडू खाली ठेवले आणि त्यांचे बोट धरले. शाळेच्या फाटकापाशी "मोठी गादी आली!" असा एकच गिल्ला झाला. काकांनी टोपी काढून सगळ्यांना रामराम केला. पोर खुदकन हसली आणि वर्गात पळाली. काका दुसऱ्या दिवशीही तोच कोट घालून गेले, तिसऱ्या दिवशीही. पुढे पोरे चिडवायची कंटाळली. काका कोटाला कंटाळले नाहीत.

आता काका नाहीत, मावशीही नाही. कोट माझ्या ट्रंकेत आहे आणि काका म्हणत तसा अजून कुठे उसवलेलासुद्धा नाही. कधीमधी दार लावून मी तो अंगात घालून बघतो. अगदी बरोबर बसतो. पण तो घालून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा धीर मला अजून झालेला नाही.