बुचामागची हवा

माझा नवरा रेजाँ तीस वर्षं लोकांच्या घरामागचे, हिवाळाभर झाकून ठेवलेले पोहण्याचे तलाव उघडत आला. क्वेबेकमधल्या आमच्या गावात मे उजाडला की त्याला जेवायलाही फुरसत नसायची. ताडपत्री ओढायची, बेडूक हाकलायचे, नळांची बुचं काढायची. हिवाळ्यात नळात पाणी राहिलं तर गोठून नळ फुटतो. म्हणून ऑक्टोबरात हवा मारून ते बाहेर काढायचं आणि नळाच्या पाण्याखालच्या तोंडाला रबरी बूच ठोकायचं. रेजाँकडे त्यासाठी यंत्र होतं. शेजारचा फेर्नां मात्र हट्टी. आपल्या तलावाचा आखूड नळ तो तोंडानेच फुंकायचा, लालबुंद होईपर्यंत. मी कुंपणावरून त्याची टर उडवायचे.

अशाच एका ऑक्टोबरात त्याने नळ फुंकला, आणि नोव्हेंबरात तो गेला.

मे महिन्यात रेजाँ त्यांचा तलाव उघडायला गेला, मीही गेले. शेवटचं, त्या आखूड नळाचं बूच राहिलं तेव्हा फेर्नांच्या बायकोने, म्युरिएलने, रेजाँचा हात धरला.

"ते राहू दे रे. त्याचा श्वास आहे आत."

नळ बंद ठेवला तर पाणी हिरवं पडेल, असं रेजाँने समजावलं. माझ्या जिभेला हाड नाही; हवा ती हवा, असं मी म्हणून गेले. म्युरिएल काठाशी गुडघे टेकून बसली आणि तोंड पाण्याजवळ नेऊन म्हणाली, "बरं, काढ."

बुडबुडे आले. थांबले. पुन्हा आले, पुन्हा थांबले, झोपलेल्या माणसाच्या लयीत. त्या नळात दोन बादल्याही हवा मावत नाही, हे रेजाँला पक्कं ठाऊक होतं. तरी ते येतच राहिले. पाण्यावर फेर्नांच्या तंबाखूचा वास पसरला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"पुरे," म्युरिएल म्हणाली. "लाव परत. उरू दे थोडा."

त्याने बूच लावलं. तेव्हापासून तिचा तलाव दर उन्हाळ्यात हिरवाच असतो.

गेल्या ऑक्टोबरात रेजाँ आमच्या तलावाचा नळ तोंडाने फुंकत होता. खोकायचा, थांबायचा, पुन्हा फुंकायचा. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काय सांगितलंय ते त्याने मला कळू दिलं नव्हतं. मी खिडकीतून ओरडले, "यंत्र काय शोभेला ठेवलंय?"

"असू दे गं," तो म्हणाला.

फेब्रुवारीत तो गेला. आता जून लागलाय, आमची ताडपत्री मी कुणाला काढू दिलेली नाही. सकाळी कॉफी घेऊन मी काठाशी बसते. नळाच्या बाजूला ताडपत्री जराशी वर येते, खाली जाते. मग मी त्याला गावातल्या गोष्टी सांगते.