फादर सिरियस

कपाट आवरताना तारेचा एक कोरा फॉर्म सापडला, पिवळा पडलेला.

सिंदीच्या पोस्टात असाच फॉर्म भरून मी भिलाईच्या दिरांना कळवलं होतं, ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, ताप फार चढला होता, म्हणून तसं लिहिलं. पण आमच्याकडे माणूस गेल्यावरच अशी तार करत, हे मला नव्या सुनेला कुठे ठाऊक! दीर आले ते नागपूरला गाडी बदलताना मुंडण करूनच. मामाजी खाटेवर बशीतून चहा पीत होते.

“अबे, डोकं काऊन भादरलं?” त्यांनी विचारलं.

दोन वर्षांनी मामाजी खरंच गेले. मी तीच ओळ लिहिली. दीर तिसऱ्या दिवशी आले, मामाजींसाठी संत्री घेऊन.